मिसिंगचं रजिस्टर आणि पॅरिसचे पाच दिवस

पहिला दिवस

पॅरिसच्या मेट्रोत पुढच्या स्टेशनचं नाव दोनदा सांगतात. पहिल्यांदा सूर वर चढवून, कुणाला तरी विचारल्यासारखं. मग गाडी फलाटाला लागताना तोच शब्द खाली उतरवून, उत्तर दिल्यासारखा. "आर्जांतीन?" आणि थोड्या वेळानं "आर्जांतीन." भाची म्हणाली, "आत्या, उतरायचं इथे."

मी पोलिसात ३३ वर्षं काढली. शिपाई म्हणून लागले, सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. शेवटची नऊ वर्षं माझ्याकडे मिसिंगचं टेबल होतं. हरवलेल्या माणसांची नोंद घ्यायची, वर्णन लिहायचं, बिनतारी संदेश पाठवायचा, बेवारस प्रेतांच्या यादीशी ताडून बघायचं. भाची इथे शिकायला आली आणि दोन वर्षं "आत्या, ये ना" म्हणत राहिली. शेवटी मी म्हटलं, येते, पण मला आयफेल टॉवरच्या रांगेत उभं करू नकोस. मला दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये माणसं मारणाऱ्या डॉक्टर मार्सेल पेतिओचं घर बघायचं आहे. तिनं कॉलेजात ती केस ऐकली होती, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही.

आर्जांतीन स्टेशनातून वर आलं की रुंद आव्हेन्यू द ला ग्रांद आर्मे लागतो आणि डावी-उजवी करत दोन मिनिटांत रू ल स्यूर. गल्ली अरुंद, श्रीमंत आणि शांत. एका टोकाला हा रस्ता, दुसऱ्या टोकाला आव्हेन्यू फॉश. २१ नंबर. जुनं घर आता नाही, पुढे ते पाडून नवी इमारत झाली. दारावर पाटी नाही, काही खूण नाही. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, तिनं आमच्याकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं करून पुढे गेली. तिथे उभ्या राहून वर बघणाऱ्या माणसांची तिला सवय असणार.

११ मार्च १९४४, शनिवार. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात जाऊन पावणेचार वर्षं झाली होती. घड्याळंसुद्धा बर्लिनच्या वेळेवर लावलेली. कोळसा मिळत नव्हता, लोक घरातही कोट घालून बसत. आणि २१ नंबरच्या धुराड्यातून पाच-सहा दिवस धूर येत होता, काळा आणि घाण वासाचा. समोरच्या माणसानं शेवटी पोलिसांना फोन केला. दोन शिपाई आले. दारावर चिठ्ठी होती की मालक महिनाभर बाहेरगावी आहे, पत्रं ओसेरच्या पत्त्यावर पाठवावीत. शेजारून मालकाचं नाव आणि फोन नंबर मिळाला. फोनवर डॉक्टर म्हणाले, आत जाऊ नका, मी पंधरा मिनिटांत किल्ल्या घेऊन येतो. अर्धा तास गेला तरी कुणी आलं नाही, तेव्हा अग्निशामक दलाला बोलावलं. जवान वरच्या खिडकीतून आत शिरले आणि तळघरातून बाहेर आले ते बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. तळघरात भट्टी पेटलेली होती आणि तिच्यात माणसं जळत होती.

मी गल्लीत उभी राहून वर बघत होते आणि डोक्यात पंचनामा चालू होता. धूर पाच दिवस. अशा टंचाईच्या दिवसांत इतकं जळण कुणाकडे असतं, हा पहिला प्रश्न. अंगणाची भिंत उंच करून घेतलेली, शेजाऱ्यांना आतलं दिसू नये म्हणून. जुन्या तबेल्यात खड्डा, त्यात कळीचा चुना. आणि एक त्रिकोणी खोली. तिला दुसऱ्या बाजूला एक दार होतं, पण ते उघडून बघितलं तर मागे भिंत. एक बेल होती, तिची तार कुठेच जात नव्हती. भिंतीत एक भिंग बसवलेलं, बाहेरून आत बघायला.

ती बेल माझ्या मनातून जात नाही. कुणीतरी ती दाबली असेल, आणि कुणी येईल म्हणून वाट बघितली असेल.

तेवढ्यात सायकलवरून एक माणूस आला. आपण मालकाचा भाऊ आहोत म्हणाला, आत जाऊन बघून आला. मग शिपायांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही देशभक्त आहात ना? ही प्रेतं जर्मनांची आणि त्यांच्या फ्रेंच हस्तकांची आहेत, मी जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतला, माझ्या घरी चळवळीची कागदपत्रं आहेत, ती जाळायला मला जाऊ द्या. शिपायांनी जाऊ दिलं. तोच पेतिओ होता. पुढे साडेसात महिने तो कुणाच्या हाती लागला नाही.

संध्याकाळी गल्लीच्या दुसऱ्या टोकानं आव्हेन्यू फॉशवर गेलो. तिथे ८४ नंबरला जर्मन सुरक्षा सेवेचं ठाणं होतं. म्हणजे तळघरात भट्टी पेटत होती तिथून पायी जाण्यासारख्या अंतरावर. याबद्दल पुढे लिहितेच. घरी आल्यावर लक्षात आलं, 'आर्जांतीन' म्हणजे अर्जेंटिना. पेतिओ आपल्या बळींना सांगायचा, मी तुम्हाला अर्जेंटिनाला पोचवतो. त्या काळी स्टेशनचं नाव वेगळं होतं, ओब्लिगादो. अर्जेंटिनाच्या सन्मानार्थ ते १९४८ साली बदललं. त्या घराशी त्याचा काही संबंध नाही. पण झोपताना मला तो आवाज पुन्हा ऐकू आला, आधी विचारणारा, मग उत्तर देणारा.

दुसरा दिवस

आज सीते बेटावर. सेन नदीच्या मधोमध नोत्रदाम, न्यायालय आणि पोलीस मुख्यालय, सगळं एका बेटावर. नदीकडेच्या रस्त्याचं नाव 'के देझ ओर्फेव्हर' आणि इमारतीचा नंबर ३६. फ्रान्समध्ये नुसतं 'छत्तीस' म्हटलं तरी लोकांना कळतं की गुन्हे शाखा. २०१७ साली ते कार्यालय शहराच्या उत्तरेला हललं. मी मात्र दारासमोर बराच वेळ उभी राहिले, कारण ११ मार्चच्या रात्री ही केस इथल्याच कमिसेर जॉर्ज-व्हिक्तोर मास्यूकडे आली. गुन्हे शाखेचा प्रमुख.

वाचणाऱ्यानं स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघावं. रात्र आहे, दिवेबंदी आहे, तळघरात प्रेतांचे तुकडे आहेत. कुठलाही अधिकारी आधी विचारतो, मेला कोण, मारणारा कोण. मास्यूला त्याच्याही आधी एक प्रश्न सोडवायचा होता. हे काम कुणाचं? गेस्टापोचं, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचं असेल तर हात लावला की आपण संपलो. चळवळीचं असेल तर पकडणं म्हणजे आपल्याच माणसांना फासावर देणं. आणि एका वेड्याचं असेल तर एक क्षणही दवडायचा नाही. गुन्ह्याची जागा डोळ्यांसमोर असताना गुन्हा आहे की नाही हेच ठरेना, अशी वेळ माझ्यावर कधी आली नाही.

मग जर्मनांकडूनच तार आली की पेतिओला अटक करा, धोकादायक वेडा आहे. तिनं उलगडा व्हायच्या ऐवजी गुंता वाढला. ज्याला जर्मन शोधतायत तो खरंच चळवळीतला असेल तर? दुसऱ्या दिवशी पोलीस त्याच्या रू कोमार्तांच्या घरी पोचले तेव्हा तो आणि बायको दोघंही निघून गेलेले.

पुराव्याच्या बाबतीत मास्यूनं नेटानं काम केलं. न्यायवैद्यक डॉक्टर पॉल यांनी तुकडे जुळवून किमान दहा माणसं मोजली. खरा आकडा पुढेही कधी ठरला नाही. चुन्यानं आणि आगीनं चेहरे नेलेच होते, बोटांचे ठसेही नेले. मुद्देमाल म्हणून हाती राहिल्या त्या वस्तू. ओसेरजवळच्या कूर्सों गावात, एका घराच्या माळ्यावर चाळीसहून जास्त सुटकेसा सापडल्या. कपडे, हॅट, हातमोजे, रुमाल. १९४६ च्या मार्चमध्ये इथल्याच न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा त्या सुटकेसा आरोपीच्या मागे रचून ठेवल्या होत्या. त्याचा फोटो मी बघितला आहे. एकीवर एक, भिंतीसारख्या.

दुपारी पोलीस संग्रहालयात गेलो. पाचव्या वॉर्डातल्या चालू पोलीस ठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, प्रवेश फुकट. खाली लोक तक्रारी द्यायला बसलेले आणि वर काचेच्या कपाटांत जुने गुन्हे. बेर्तियोंची मोजमापाची साधनं आहेत, कान, हात, डोकं मोजून गुन्हेगार ओळखायची त्याची पद्धत. ती मागे पडली ती बोटांच्या ठशांमुळे, आणि त्या ठशांची वर्गवारी बसवण्यात कलकत्त्याच्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. हे प्रशिक्षणात शिकले होते. इथे भाचीला सांगताना ऊर भरून आला.

एका कपाटासमोर मात्र मी बोलणं थांबवलं. १६ आणि १७ जुलै १९४२. याच शहराच्या पोलिसांनी, जर्मन शिपायांनी नव्हे, घरोघरी जाऊन १३,१५२ ज्यू माणसांना उचललं. त्यात ४,११५ मुलं होती. पुष्कळांना व्हेलोद्रोम दिव्हेर या सायकल शर्यतीच्या स्टेडियममध्ये कोंडलं आणि तिथून पुढे छावण्यांकडे. याद्या होत्या, पत्ते होते, नाव वाचून टिक मारायची होती. माझं सगळं आयुष्य याद्या करण्यात गेलं, त्यामुळे ते काम कसं चालतं हे मला माहीत आहे. यादी नीट असली की हात आपोआप चालतो.

त्याच दिवसांत कुर्त क्नेलर, त्याची बायको आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा रने हे तिघं घर सोडून पळाले. ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत. त्यांना कुणीतरी एका दयाळू डॉक्टरचा पत्ता दिला होता.

ऑगस्ट १९४४ मध्ये याच पोलिसांनी संप केला, १९ तारखेला मुख्यालय ताब्यात घेऊन जर्मनांवर बंदुका चालवल्या. मुख्यालयाच्या भिंतींवर त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत, मी त्यांना नमस्कार केला. त्या पाट्याही खऱ्या आणि जुलैच्या त्या याद्याही खऱ्या. त्या उठावानंतर खुद्द मास्यूलाच जर्मनांशी संगनमताच्या संशयावरून अटक झाली आणि पुढे तो निर्दोष सुटला.

तिसरा दिवस

मेट्रोची एक नंबरची लाईन आता बिनचालकाची आहे. सगळ्यात पुढच्या काचेशी उभं राहिलं की बोगदा समोरून अंगावर येतो. आम्ही गार द लियाँला उतरलो, तिथून चालत बेर्सी स्टेशन आणि तिथून योन नदीच्या खोऱ्यात जाणारी गाडी. तासाभरात शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना नुकती उगवलेली हिरवी शेतं. भाचीनं डब्यात थालीपीठ आणि लोणचं आणलं होतं. समोरच्या आजोबांना दिलं तर त्यांनी लोणच्याला मान हलवली आणि थालीपीठ मिटक्या मारत खाल्लं.

विलनव-स्यूर-योन. छोटं गाव, दोन्ही टोकांना दोन मध्ययुगीन वेशी, एक सांसच्या बाजूची, एक ज्वान्यीच्या बाजूची. मधून सरळ रस्ता, चर्च, खाली नदी आणि दगडी पूल. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन आलेला तरुण डॉक्टर पेतिओ इथे १९२० च्या दशकात दवाखाना टाकून बसला. गरिबांना फुकट तपासायचा, रात्री-अपरात्री धावून जायचा. लोकांना तो आवडायचा. १९२६ साली तो इथला महापौर झाला.

मी या गावी आले ती त्या महापौरासाठी नाही. लुईझ दलाव्हो नावाच्या मुलीसाठी आले. त्याच वर्षी मे महिन्यात ती बेपत्ता झाली. डॉक्टरशी तिचे संबंध होते. त्याला मोटारीत एक ट्रंक चढवताना बघितल्याचं शेजारी नंतर सांगायचे. पोलिसांनी चौकशी केली आणि शेवटी ठरवलं की ती पळून गेली.

पळून गेली. हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले, किती वेळा लिहिले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. एका ठाण्यात एक बाई मुलगी हरवल्याचं सांगायला आली. वरिष्ठ म्हणाले, "वय काय? एकोणीस? मग पळून गेली असेल, दोन दिवसांत येईल, तुम्ही घरी जा." मी बाजूला उभी होते. मला वर्णन लिहून घ्यावंसं वाटलं होतं. रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची अंदाजे पाच फूट, नेसणीस हिरवं पातळ. बाई हे सगळं आपणहून सांगत होती. मी लिहिलं नाही, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे नोंद झाली, पण बारा दिवसांनी. मुलगी कधीच मिळून आली नाही. मिसिंगचं टेबल मी नंतर मागून घेतलं ते त्या हिरव्या पातळामुळे. आणि माझ्या नऊ वर्षांत आलेल्या माणसाची नोंद त्याच दिवशी झाली नाही असं एकदाही घडू दिलं नाही.

पुलावर उभी राहून मी योन बघत होते. पाणी शांत, कडेला पाणकोंबड्या. भाची काही बोलली नाही, नुसती शेजारी उभी राहिली. थंडी होती म्हणून तिनं माझी शाल नीट केली.

शांततेचा काळ होता १९२६. कुठे संचारबंदी नव्हती, गेस्टापो नव्हती. एका मुलीची चौकशी बंद झाली आणि त्या माणसाला कळलं की माणूस नाहीसा झाला तरी जग चालू राहतं. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण मिसिंगच्या टेबलावर बसलेली कुठलीही बाई माझ्याशी सहमत होईल. त्याच्यावर अफरातफरीचे आळ आले, १९३१ साली महापौरपद गेलं आणि १९३३ साली तो पॅरिसला गेला.

ओसेरला संध्याकाळी तासभर थांबलो. हे त्याचं जन्मगाव. नदीकाठी मोठं कॅथेड्रल, घड्याळाचा जुना बुरूज. त्याच्या भावाचं रेडिओचं दुकान इथे होतं, चुना पॅरिसला पोचवला तोही भावानंच. मी दमले होते. कॉफी घेतली आणि परतलो.

चौथा दिवस

पाऊस. सकाळी फक्त रू कोमार्तां, ६६ नंबर, जिथे पेतिओ राहायचा आणि रुग्ण तपासायचा. मोठ्या दुकानांच्या मागचा गजबजलेला रस्ता, छत्र्यांचे धक्के. याच भागात जोआकिम गुशिनोव्हचं फरचं दुकान होतं. पोलंडहून आलेला ज्यू व्यापारी, पेतिओचा रुग्ण. जानेवारी १९४२ मध्ये तो निघाला. 'डॉक्टर युजीन'च्या, म्हणजे टोपणनाव घेतलेल्या पेतिओच्याच मार्गानं स्पेन, पोर्तुगाल आणि पुढे अर्जेंटिना. माणशी २५,००० फ्रँक. बरोबर पैसे, दागिने, चांगली फर. ज्याला कायमचं जायचं आहे तो आपलं सगळ्यात मोलाचं सामान घेऊनच येतो, हे त्या डॉक्टरनं हेरलं होतं.

गुशिनोव्हच्या बायकोला पत्रं आली. मी पोचलो, खुशाल आहे, तूही ये. ती गेली नाही. म्हणून ती वाचली आणि कोर्टात साक्षीला उभी राहिली.

त्या डॉक्टरनं कसं मारलं हे नक्की सिद्ध झालं नाही. परदेशी जायचं तर लस टोचावी लागते म्हणून सुई दिली असावी, असं पोलिसांचं मत. पण ही माणसं पोलिसांत का नोंदली गेली नाहीत, हे मला पावसात त्या रस्त्यावर उभी असताना नीट समजलं. जो पोलिसांपासूनच पळतोय त्याची मिसिंग कोण देणार? नातेवाइकांना वाटायचं तो सुखरूप आहे आणि म्हणूनच पत्र येत नाही. शेजाऱ्यांना वाटायचं त्याला उचलला, आणि विचारायचं धाडस नसायचं. आमच्या खात्यात म्हणतात, फिर्यादी नाही तर गुन्हा नाही. त्या माणसानं असे बळी निवडले ज्यांना फिर्यादीच उरणार नाही.

दुपारी सुरेन. हे उपनगर आहे, नदीपलीकडे टेकडीवर. तिथे फझल मंझिल नावाचं घर आहे, नूर इनायत खान तिथे वाढली. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं बडोद्यात संगीतशाळा काढली. आमच्याकडे बडोदा म्हटलं की घरचंच. नूर जून १९४३ मध्ये ब्रिटिशांची रेडिओ ऑपरेटर म्हणून गुप्तपणे फ्रान्समध्ये उतरली, सहकारी एकामागून एक पकडले गेले तरी पॅरिसमध्ये राहून संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये कुणीतरी पत्ता दिला आणि ती रू द ला फेझांदरीतल्या घरात पकडली गेली. तिला ८४, आव्हेन्यू फॉशला आणलं. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छावणीत तिला गोळी घातली. तिनं कुणाचंही नाव सांगितलं नाही.

पेतिओही त्या सुमारास जर्मनांच्या कैदेत होता. त्याचा 'पलायनाचा मार्ग' खरा समजून गेस्टापोनं त्याला मे १९४३ मध्ये धरलं, फ्रेनच्या तुरुंगात आठ महिने ठेवलं, मारहाण केली आणि जानेवारीत सोडलं. नंतर तो कोर्टात याच कैदेचा दाखला देत होता. खऱ्या चळवळीतली माणसं अशी एकेक संपत असताना हा त्यांचंच नाव घेऊन उभा होता. नूरच्या घरासमोरच्या पाटीपाशी मी बराच वेळ उभी होते. पाऊस थांबेना. भाचीनं पिशवीतून पिवळी शेवंती काढून खाली ठेवली, तिनं ती कधी घेतली मला कळलंही नव्हतं.

पाचवा दिवस

पुन्हा एक नंबरची लाईन. आर्जांतीनपासून पूर्वेकडे. आज तीन ठिकाणी उतरायचं.

सां-पोलला उतरून ज्यू संहाराचं स्मारक. अंगणात दगडी भिंती आहेत आणि त्यांवर ७६,००० नावं कोरलेली, फ्रान्समधून हद्दपार केलेल्या ज्यूंची. वर्षाप्रमाणे, मग आडनावाप्रमाणे. नाव आणि जन्मसाल, बस. १९४२ ची भिंत सगळ्यात लांब वाटते. मी बोट फिरवत गेले. दगड थंड आणि ओला होता, अक्षरांच्या खाचांत पाणी साठलं होतं. एक वयस्क बाई रुमालानं एकच ओळ पुसत होती. तिला ओलांडून जायला नको म्हणून मी उलटी फिरले. या भिंतीवर नाव जाऊ नये म्हणून जे पळाले, त्यांतले काही रू ल स्यूरला पोचले.

मग र्यी-दिदरो स्टेशन आणि जवळची जुनी लष्करी बराक. आता तिथे घरं झाली आहेत, मधे बाग, घसरगुंडीवर पोरं. १९४४ च्या शरदात इथे मुक्तिसैन्याचा एक कॅप्टन होता, आंरी व्हालेरी. दाढी वाढवलेली. त्याच्याकडे काम होतं शत्रूच्या हस्तकांची चौकशी करण्याचं. सप्टेंबरमध्ये एका वर्तमानपत्रानं पेतिओला जर्मनांचा सैनिक म्हणणारा लेख छापला. पेतिओला ते सहन झालं नाही, त्यानं स्वतःच्या हातानं लांबलचक उत्तर लिहून पाठवलं. पोलिसांनी ते अक्षर मुक्तिसैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या अक्षरांशी ताडलं. कॅप्टन व्हालेरीचं जुळलं. अक्षरावरून माणूस सापडला, मास्यूनंतर आलेल्यांच्या चिकाटीमुळे.

३१ ऑक्टोबर १९४४ ची सकाळ, सां-मांदे-तुरेल स्टेशन. आता नुसतं सां-मांदे. आम्ही उतरून फलाटावर बसलो. पांढऱ्या टाइल्स, दोन बाकं, भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस. पेतिओ इथेच धरला गेला. खिशात वेगवेगळ्या नावांची कागदपत्रं. १८ मार्च १९४६ रोजी खटला सुरू झाला, आरोप २७ खुनांचा. तो म्हणाला मी ६३ मारले, पण सगळे देशाचे शत्रू. ४ एप्रिलला शिक्षा, २५ मेला ला सांते तुरुंगात गिलोटिन.

खटल्यातल्या मुद्देमालात लहान मुलाचा पायजमा होता. कूर्सोंच्या एका सुटकेसमधून निघालेला. तो रने क्नेलरचा म्हणून ओळखला गेला. त्याचे आईबाप देशाचे शत्रू होते असं मानलं तरी तो काय होता, हे त्या डॉक्टरला कोर्टात सांगता आलं नाही.

फलाटावर बसूनच मी पिशवीतून वही काढली. इकडे येण्याआधी पुण्यात अप्पा बळवंत चौकातून घेतलेली, लाल पुठ्ठ्याची, आखीव. पट्टीनं रकाने पाडले. अनुक्रमांक. नाव. वय. शेवटचं कुठे पाहिलं. वर्णन व नेसणीस. शेरा. भाची म्हणाली, "आत्या, मी सांगते, तू लिही." तिनं फोनवरून नावं वाचली आणि स्पेलिंग सांगितलं, मी देवनागरीत लिहीत गेले. गाड्या येत होत्या, जात होत्या. प्रत्येक वेळी तो आवाज, एकदा वर, एकदा खाली.

जोआकिम गुशिनोव्ह, फरचा व्यापारी, रू कोमार्तां, जानेवारी १९४२. कुर्त क्नेलर. त्याची पत्नी. रने क्नेलर, वय सात-आठ, जुलै १९४२, नेसणीस पायजमा. खटल्यातल्या बळींची सगळी नावं पानभर झाली. त्याखाली दहा ओळी मी मोकळ्या सोडल्या, ज्यांचं नाव लागलंच नाही त्यांच्यासाठी, आणि प्रत्येक ओळीला अनुक्रमांक मात्र घातला.

शेवटची नोंद वेगळ्या पानावर घेतली. लुईझ दलाव्हो. विलनव-स्यूर-योन. मे १९२६. वर्णन माहीत नाही म्हणून तो रकाना कोरा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, तपास चालू, आणि खाली तारीख घालून सही केली.